गोष्टींच्या पत्त्यांत गोष्ट किती?

'खेळातून शिक्षण' हे शब्द इतक्या वेळा छापून आले आहेत की एखाद्या खेळाच्या खोक्यावर ते दिसले तर आपण वाचतही नाही. गोष्ट सांगण्याच्या पत्त्यांच्या खेळांची शिफारस करताना तीन दावे हमखास केले जातात : कल्पनाशक्ती वाढते, शब्दसंपत्ती वाढते आणि घरातली माणसे एकत्र येतात. यांपैकी तिसरा दावा खरा आहे. रविवारी संध्याकाळी शहागंजातल्या आमच्या घरी जमणाऱ्या मंडळींकडे पाहून आम्ही तो बिनदिक्कत मान्य करतो. पहिल्या दोन दाव्यांसाठी मात्र जरा खोलात शिरावे लागते. आमचा व्यवसाय मोजमापाचा असल्याने खेळता खेळता आम्ही नियमही तपासत बसतो. (घरच्यांना ही खोड आवडत नाही.) खेळ काय शिकवतो हे खोक्यावरच्या मजकुरावरून ठरत नाही, तो कशाला गुण देतो यावरून ठरते. परीक्षेचेही तसेच असते, हे शिक्षकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

येथे दोन खेळांचा विचार करायचा आहे. त्यांपैकी पहिला 'वन्स अपॉन अ टाइम', म्हणजे आपल्या भाषेत 'आटपाट नगर'. रिचर्ड लॅम्बर्ट, अँड्र्यू रिल्स्टोन आणि जेम्स वॉलिस या तिघांनी तो रचला आणि अमेरिकेतील अ‍ॅटलस गेम्सने 1993 साली प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूच्या हाती गोष्टीतल्या घटकांचे काही पत्ते असतात : एखादे पात्र, वस्तू, जागा, प्रसंग, अवस्था. शिवाय प्रत्येकाला शेवटाचा एक पत्ता मिळतो. एक जण गोष्ट सांगू लागतो. आपल्या हातातल्या पत्त्यावरचा घटक गोष्टीत आला की तो पत्ता खाली टाकायचा. सांगणाऱ्याच्या तोंडी दुसऱ्याच्या हातातला घटक आला तर तो दुसरा पत्ता दाखवून गोष्ट मध्येच तोडतो आणि पुढे आपल्या वळणाने नेतो. ज्याची गोष्ट तुटली त्याने एक पत्ता उचलायचा. हात रिकामा करून आपल्या शेवटापर्यंत गोष्ट आणणारा जिंकतो.

मूळ पत्ते युरोपीय परीकथांचे आहेत. त्यांतल्या सावत्र आया, चेटकिणी आणि किल्ले आमच्या घरातल्या मुलांना इंग्रजी शाळेमुळे ठाऊक आहेत, पण आमच्या आईला त्यांच्याशी काही देणेघेणे नाही. म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहून आम्ही आपला जोड तयार केला. शंभर पत्ते, पाच प्रकार, प्रत्येकी वीस. पात्रांत कुंभार, सावकार, म्हातारी, फकीर, राजकन्या. वस्तूंत कंदील, आरसा, पैठणी, जाते. जागांत विहीर, घाट, बाजार, नहर. प्रसंगांत वाट चुकणे, पूर येणे, ओळख पटणे. अवस्थांत उपाशी, आंधळा, शापित. 'नहर' हा पत्ता अर्थातच इथला. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले, त्या नहर-ए-अंबरीची आठवण इथल्या जुन्या वस्तीतल्या माणसांना सांगावी लागत नाही. (शहराचे नाव 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, नहर अंबरीच राहिली.) शेवटाचे वीस पत्ते वेगळे.

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. पत्त्यांवर गोष्टीतली चित्रे असली म्हणजे तो गोष्टीचा खेळ झाला, असे अनेकांना वाटते. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे गंजिफा. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे; अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचे वर्णन केले आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीने ही कला टिकवली. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांना आश्रय दिला नसता तर गोल, लाखेच्या रंगांचे ते पत्ते आज वस्तुसंग्रहालयात पाहावे लागले असते. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण 120. तीन जण खेळले तर प्रत्येकाच्या वाट्याला 40.

या पत्त्यांवर अख्खे दशावतार आहेत, पण डावात एकाही अवताराची गोष्ट सांगावी लागत नाही. कोणता रंग, कोणते पान, कोणती पाने खेळून गेली, एवढेच लक्षात ठेवायचे. निम्म्या रंगांत दहा वरचढ आणि निम्म्यात एक्का वरचढ, हा नियम तर स्मरणशक्तीची परीक्षाच पाहतो. दिवसा खेळायला बसले तर रामाने सुरुवात आणि रात्री कृष्णाने, एवढाच काय तो पुराणाशी उरलेला धागा. गंजिफा हा थोर खेळ आहे, पण मत्स्याच्या जागी कांदा आणि कूर्माच्या जागी बटाटा काढला तरी डाव तसाच चालेल. बाजारातल्या कित्येक 'शैक्षणिक' पत्त्यांचे हेच आहे. मूलद्रव्यांची नावे छापलेले पत्ते घेऊन जोड्या जुळवल्या तर मुले जोड्या जुळवायला शिकतात.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे चित्रकथी. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने ही परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर असलेल्या पैठणचे नावही याच प्रकारच्या चित्रांना मिळाले आहे. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले, अशा चित्रांची एक पोथी. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरायचे आणि कथा सांगायची. म्हणजे पत्तेच, पण क्रम लावलेले. कोणते चित्र कोणत्या चित्रानंतर येणार हे ठरलेले आहे आणि कथा त्या क्रमात आहे.

आता मनात असे करून पाहा : चित्रकथीची पोथी घेतली आणि पत्त्यांसारखी पिसली. 'वन्स अपॉन अ टाइम' म्हणजे हेच. त्यातून काय निघते? रचनांच्या संख्येने भुलून जाऊ नये. इंग्लंडमध्ये जॉन क्लार्क याने 1824 साली 'मायरिओरामा' नावाचा 16 चित्रपत्त्यांचा संच काढला होता. कोणतेही चित्र कोणत्याही चित्राशेजारी ठेवले तरी सलग देखावा जुळावा, अशी त्यांची आखणी होती. रचना किती? 16 चे क्रमगुणित, म्हणजे 2,09,22,78,98,88,000, सुमारे एकवीस लाख कोटी. आकडा खरा आहे. पण त्यातले शंभर देखावे पाहिले की उरलेले पाहावेसे वाटणार नाहीत, कारण कोणतेही चित्र कोठेही बसते याचाच अर्थ कोणत्याही चित्राला तिथेच असण्याचे कारण नाही. आमच्या शंभर पत्त्यांतून सात पत्त्यांचे हात 1600 कोटी निघतात. त्यांतून 1600 कोटी गोष्टी होतात असे म्हणणे म्हणजे वर्णमालेत ग्रंथालय आहे असे म्हणण्यासारखे आहे.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी 1928 साली अद्भुत लोककथांचे पृथक्करण करून दाखवले, त्याचे मर्म येथे आठवते. कथेत कोण आले यापेक्षा काय घडले याला महत्त्व आहे, अशा घटनांचे 31 प्रकार पुरतात, आणि सगळेच प्रकार प्रत्येक कथेत नसले तरी त्यांचा क्रम बदलत नाही. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचेही तसेच आहे. वसा घेतला, म्हणून संपत्ती आली. मातला, म्हणून गेली. पुन्हा वसा घेतला, म्हणून परत मिळाली. तिथले कार्यकारण वैज्ञानिक नसेल, पण 'म्हणून' पक्के आहे. मुलांच्या पहिल्या डावातल्या गोष्टी ऐका : राजकन्या होती, आणि मग ती बाजारात गेली, आणि मग तिथे फकीर होता, आणि मग पूर आला. पत्ते भराभर खाली पडतात, सगळे हसतात, डाव संपतो. नियम 'आणि मग'वर समाधानी आहे. तो 'म्हणून' मागतच नाही.

ही झाली साधी तक्रार. गंभीर तक्रार तोडण्याच्या नियमाबद्दल आहे आणि ती आकड्यांत मांडता येते.

पाच जण खेळत आहेत, प्रत्येकाकडे सात पत्ते. सांगणाऱ्याचे सात सोडले तर त्याला न दिसणारे पत्ते 93. त्यांपैकी 28 इतर चौघांच्या हातांत आणि 65 गड्डीत. सांगणाऱ्याने आपल्या हातात नसलेला, पण जोडात असलेला एक शब्द उच्चारला तर तो कोणाच्या तरी हातात असण्याची शक्यता 28 भागिले 93, म्हणजे सुमारे 30 टक्के. तोडले न जाण्याची शक्यता 70 टक्के. असे दोन शब्द आले तर ती 49 टक्के होते, तीन आले तर 34, पाच आले तर 16. (प्रत्येक वेळी न दिसणाऱ्या पत्त्यांतून एक पत्ता कमी होतो, म्हणून 65/93 ला 64/92 ने, मग 63/91 ने असे गुणत जायचे, अकरावीच्या विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.) समोरचे नेहमी तोडतातच असे नाही, कधी त्यांचे लक्ष नसते, कधी ते संधीची वाट पाहतात. तरी दिशा स्पष्ट आहे. जो म्हणतो, "एक उपाशी कुंभार कंदील घेऊन घाटाजवळच्या विहिरीपाशी आला," त्याने एका वाक्यात पाच शब्द उघडे टाकले. जो म्हणतो, "एक माणूस होता, तो एका ठिकाणी गेला," त्याला कोणी हात लावू शकत नाही.

म्हणजे हा खेळ वर्णन करणाऱ्याला दंड करतो आणि मोघम बोलणाऱ्याला बक्षीस देतो. आमच्या घरी तिसऱ्या-चौथ्या डावातच मुलांनी हे ओळखले. 'एक जण', 'एक वस्तू', 'तिकडे', 'तसलं काहीतरी' अशा शब्दांचा सुकाळ झाला. प्रश्नोत्तरांत मोघम उत्तर लिहून गुण वाचवणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण होईल असेच ते बोलणे. शब्दसंपत्ती वाढते हा दावा म्हणूनच आम्हाला मान्य नाही. जोडात शब्द भरपूर आहेत, पण नियम ते वापरू देत नाही.

ऐकणाऱ्यांचेही नुकसान होते. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो. तो थांबला की गोष्ट थांबते. या खेळात हुंकार कोणी देत नाही. प्रत्येक जण आपल्या सात पत्त्यांकडे पाहत एखाद्या शब्दाची वाट पाहत असतो. कान टवकारलेले, पण शब्दापुरते. आमची आई पहिल्या दिवशी दोनदा तोडली गेल्यावर पत्ते खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला गोष्ट ऐकायची आहे की मला पकडायचंय?" खेळावरची इतकी नेमकी टीका आम्ही दुसरीकडे वाचलेली नाही.

यापेक्षाही जड वाटणारा नियम अडखळण्याचा आहे. सांगणारा पाच-एक सेकंद थांबला की त्याची पाळी गेली. पाहुण्यांच्या मेजवानीत हे गमतीचे असेल. आमच्या टोळीत सातवीतली एक मुलगी आहे. ती बोलताना अडखळते. विशेषतः वाक्याच्या सुरुवातीला ओठ मिटून उच्चारायचा वर्ण आला की काही क्षण शब्द बाहेर येत नाही. 'प' आणि 'म' सोडून राजकन्येची गोष्ट सांगून पाहा! तिच्या पाळीला घड्याळ कोणी लावत नव्हते, पण नियम सर्वांना ठाऊक होता, तिलाही. ती दोन रविवार आली आणि तिसऱ्या रविवारी "मी बघते नुसती" म्हणाली. असे 'नुसते बघणारे' प्रत्येक वर्गात चार-पाच असतात, आणि सगळेच अडखळणारे नसतात. काही फक्त विचार करणारे असतात.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी सुमारे एक सेकंद. तोच थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरांची लांबी वाढली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. एकाला तीन करायला एवढे प्रयत्न लागतात, आणि आपण घरी आणतो तो खेळ थांबणाऱ्याची पाळी काढून घेतो. पाच सेकंद हे तीनपेक्षा जास्तच आहेत, असे कोणी म्हणेल. पण रो यांचा थांबा विचार करायला दिलेला आहे आणि इथला थांबा चूक म्हणून मोजलेला आहे. मूल या दोहोंतला फरक लगेच ओळखते.

इतके दोष काढल्यावर या खेळाच्या एका नियमासाठी आम्ही त्याला घरात ठेवले आहे, हेही सांगितले पाहिजे. सांगणाऱ्याने स्वतःच्याच बोलण्याला छेद दिला तर त्याची पाळी जाते. हा विज्ञानाचा नियम आहे. आमच्या चौथीतल्या भाच्याने एकदा राजकन्येला विहिरीत बुडवले. ती विहीर दहा मिनिटांपूर्वी त्यानेच कोरडी ठाक सांगितली होती. सगळे ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मध्ये पाऊस पडला होता." आता काय करायचे? गोष्ट वाचवण्यासाठी ऐनवेळी घातलेला असा पाऊस विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ वेळा पडून गेला आहे. धातू तापवल्यावर वजन का वाढते याचे उत्तर देता येईना, तेव्हा फ्लॉजिस्टनला ऋण वजन असते असे सांगणारे विद्वान होतेच की! त्या मुलीने (तीच, 'नुसती बघणारी') जागेवरूनच सावकाश विचारले, "पाऊस पडला, तर कुंभाराची मडकी?" गोष्टीच्या सुरुवातीला कुंभाराने कच्ची मडकी अंगणात वाळत घातली होती आणि नंतर ती बाजारात विकली गेली होती. पाऊस पडला असता तर त्यांचा चिखल झाला असता. राजकन्या बुडू शकत नव्हती.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आम्ही जे अनेक तास घालून सांगतो, की नवे गृहीतक ज्या अडचणीसाठी आणले तिच्यापलीकडेही त्याचे परिणाम दिसले पाहिजेत, ते एका मडक्याने सांगितले. त्या दिवसापासून आमच्याकडे असा नियम आहे : गोष्ट वाचवायला काहीही आणा, पण त्याचा माग आधीच्या गोष्टीत सापडला पाहिजे, निदान त्याच्या आड येणारे काही नसले पाहिजे.

दुसरा फायदा मूळ नियमपत्रकात नाही. तो आमच्या गल्लीचा आहे. समोरच्या घरातली मंडळी दखनी बोलतात. त्यांच्या अम्मींनी गोष्टीत 'बावडी' म्हटले आणि आमच्या वहिनीने 'विहीर' हा पत्ता दाखवून गोष्ट तोडली. अम्मी म्हणाल्या, बावडीला पायऱ्या असतात, विहिरीला नसतात. आमच्या आईने त्यांची बाजू घेतली : पायऱ्यांची ती बारव, ती विहीर कशी? मुलांनी विचारले, मग बारव ही विहिरीचा प्रकार आहे की वेगळी वस्तू? अर्धा तास खेळ थांबला. वटवाघूळ पक्षी का नाही यावर वर्गात जेवढी चर्चा होत नाही तेवढी या बावडीवर झाली. शेवटी ठरले की वरच्या वर्गाचा पत्ता खालच्या प्रकाराला तोडू शकतो, उलट नाही. म्हणजे 'विहीर' हा पत्ता बारवेला चालेल, पण पत्त्यावर 'बारव' असेल तर नुसत्या विहिरीला तो चालणार नाही. अम्मींना हा निकाल अजून मान्य नाही.

दुसऱ्या खेळाबद्दल थोडक्यात. 'डिक्सिट' हा ज्याँ-लुई रुबिरा यांचा फ्रेंच खेळ 2008 साली आला आणि 2010 साली जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. मारी कार्दुआ यांनी काढलेली 84 स्वप्नवत चित्रे. प्रत्येकाच्या हाती सहा. सांगणारा आपल्या एका चित्रासाठी एखादा शब्द, वाक्य किंवा गोष्टीचा तुकडा सांगतो. बाकीचे आपापल्या हातातून त्याला जुळेलसे चित्र देतात. सगळी पिसून मांडतात आणि सांगणाऱ्याचे चित्र कोणते ते बाकीचे ओळखतात. सगळ्यांनी ओळखले किंवा कोणीच ओळखले नाही तर सांगणाऱ्याला शून्य आणि इतरांना दोन-दोन. काहींनी ओळखले तर सांगणाऱ्याला आणि ओळखणाऱ्यांना तीन-तीन. शिवाय आपल्या चित्राला पडलेल्या प्रत्येक चुकीच्या मताचा एक गुण.

हा नियम सुंदर आहे. अगदी उघड बोलू नका, अगदी दुर्बोधही बोलू नका. इथे अडखळणाऱ्याला दंड नाही, कोणी तोडत नाही, एक शब्द पुरतो. ती मुलगी हा खेळ जिंकते आणि पुष्कळदा जिंकते. पण नियम मोजून पाहू. सहा जणांत ओळखणारे पाच. प्रत्येकाने बरोबर ओळखण्याची शक्यता निम्मी असेल, तर सांगणाऱ्याला गुण मिळण्याची शक्यता 94 टक्के. संकेत उघड असेल, प्रत्येकाची शक्यता 90 टक्के असेल, तर ती 41 टक्क्यांवर येते. येथवर ठीक. आता संकेत पूर्ण निरर्थक असू द्या. आमचा भाचा प्रत्येक चित्राला "गुरुवार" म्हणायचा. ओळखणाऱ्याने स्वतःचे चित्र सोडून उरलेल्या पाचांतून डोळे मिटून एक निवडले तर बरोबर येण्याची शक्यता एक पंचमांश. पाचही चुकण्याची शक्यता 33 टक्के, पाचही बरोबर येण्याची जवळजवळ शून्य. म्हणजे 'गुरुवार' म्हणणाऱ्याला 67 टक्के वेळा तीन गुण! खेळाडू चार असोत वा पाच, उत्तर दोन तृतीयांशाच्या आसपासच राहते, आणि खेळाडू वाढवत नेले तर ते 63 टक्क्यांकडे झुकते. (ओळखणारे n असतील तर सगळे चुकण्याची शक्यता 1 वजा 1/n, त्याचा n वा घात, बारावीच्या विद्यार्थ्यांना यात e दिसेल.) स्पष्ट बोलण्यापेक्षा निरर्थक बोलणे फायद्याचे, असा निष्कर्ष निघतो. कवितेच्या तासाला हा खेळ जरूर खेळावा. व्याख्या शिकवायच्या तासाला त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि घरी खेळताना 'गुरुवार'वाल्याने डाव संपल्यावर त्या शब्दाचा चित्राशी संबंध सांगायचा आणि तो इतरांना पटला नाही तर गुण परत करायचे, एवढी दुरुस्ती पुरते.

पहिल्या खेळात दुरुस्त्या अधिक कराव्या लागल्या. घड्याळ काढून टाकले. पाळी मिळालेल्याला पहिली चार वाक्ये अभय. तेवढ्यात कोणी तोडायचे नाही. वर्णनाचा दंड उलटा केला : अभयाच्या वाक्यांत दुसऱ्याच्या हातातला घटक आला तर त्या दुसऱ्याने तो पत्ता टाकायचा नाही, उलट सांगणाऱ्याला आपला एक नको असलेला पत्ता गड्डीत परत ठेवता येतो. आणि तोडणाऱ्याचे पहिले वाक्य 'म्हणून', 'कारण', 'तरीही' किंवा 'नाहीतर' यांपैकी एकाने सुरू झाले पाहिजे. 'आणि मग'ने तोडता येत नाही.

याची किंमत आहे. पूर्वी वीस मिनिटांत संपणारा डाव आता पाऊण तास चालतो. चौथीतला भाचा कंटाळून शेवटी मांजराशी खेळायला जातो. गोष्टींतली गंमतही थोडी कमी झाली, हे मान्य करायला हवे. उडत्या पैठणीवरून नहर ओलांडणारा सावकार आता क्वचित भेटतो, कारण पैठणी उडते तर मग ती विकणारा चालत का आला, असे कोणीतरी विचारतेच. पण आई पुन्हा खेळायला बसू लागली. ती मुलगी कधी एखादे वाक्य पूर्ण करायला दहा-बारा सेकंद घेते आणि तेवढ्यात सगळे तिच्या तोंडाकडे पाहत असतात, पत्त्यांकडे नाही.

शाळेत करून पाहायचे असेल तर विकतच्या खेळाची गरज नाही. सहावी ते नववीचा वर्ग, पाच-पाच जणांचे गट, गटागणिक पन्नास पत्ते, प्रत्येकाला पाच. जुन्या वह्यांचे पुठ्ठे चालतात. पातळ कागदावर शाई मागे उमटते आणि पत्ता ओळखू येतो. शब्द मुलांनीच निवडावेत. त्यांत गावातल्या दहा तरी जागा आणि धंदे असावेत. विज्ञानाच्या तासासाठी 'प्रसंग' या प्रकारात वितळणे, गंजणे, कुजणे, आंबणे, सावली पडणे, प्रतिध्वनी येणे असे पत्ते घातले की 'म्हणून' आपोआप कसाला लागते. लोखंडी कडे एका रात्रीत गंजून तुटले तर गट विचारतो की ते कशात बुडवले होते. एका मुलाला खेळापासून बाजूला बसवून दोन रकान्यांत नोंद ठेवायला सांगावी : या गोष्टीत 'आणि मग' किती वेळा आले, 'म्हणून' आणि 'कारण' किती वेळा. हे काम आळीपाळीने द्यावे. पहिल्या डावाची आणि सहाव्या डावाची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहावी. सहाव्या डावात दुसऱ्या रकान्यात फरक दिसला नाही तर नियम आणखी बदलावेत, आणि ते बदलण्याचे काम मुलांवर सोपवावे.